दोन बाटल्या, एक डबा

थोरलीचा डावा पाय घरातल्या बाकी माणसांपेक्षा जास्त नियमित होता. ताग तळ्यात कुजत घातला की सतराव्या-अठराव्या दिवशी तो चढायचा. आधी जांघेत बोराएवढी गाठ. मग थंडी, अशी की चुलीला चिकटून बसलं तरी वरचे दात खालच्या दातांशी भांडत राहायचे. आणि तासाभरात घोट्यापासून लाली वर निघायची, घाईनं, कुठंतरी वेळेवर पोचायचं असल्यासारखी. तीन दिवस थोरली पडून राहायची, चौथ्या दिवशी उठून बसायची, आठव्या दिवशी पुन्हा पाण्यात. अधूनमधून तो न सांगताही यायचा. टाचेची भेग उकलली, काटा बोचला, एवढं निमित्त त्याला पुरायचं. दोन वर्षांत असं पाच वेळा झालं. सूज दर वेळी उतरायची, पण जाताना थोडं सामान मागं ठेवून जायची. आता दोन्ही पाय शेजारी ठेवले तर ते एकाच बाईचे वाटत नव्हते.

"वहिनी, एक पाय तुमचा आहे," धाकटा दीर म्हणायचा, "दुसरा कुठल्या पैलवानाचा उचलून आणलात?"

"तुमच्या भावाचा आहे," थोरली म्हणायची. "ते वापरत नाहीत म्हणून मी घेतला."

घर दोर वळणाऱ्यांचं. तागाच्या पेंढ्या तळ्यात दगडाखाली बुडवून ठेवायच्या, काड्या आतून सडल्या की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, धुवायची, वाळवायची. त्याच्या ज्या लांब पिवळट जटा निघतात तो वाख. वाखाचं सूत, सुताचे पेड, तीन पेडांचा दोर. सोलायचं काम बायकांचं. पुरुष पाण्यात उतरत नसत, कारण पुरुषांना उलटं चालायचं असे. कमरेला वाख गुंडाळून, एक टोक फिरत्या चाकाला अडकवून, बोटांनी सूत सोडत पाठमोरं चालत जायचं, दोर वळायच्या मोकळ्या पट्टीच्या शेवटापर्यंत. थोरलीचा नवरा असा रोज चार-पाच कोस उलटा चालायचा. कामाची ही वाटणी कुणी केली हे कुणाला आठवत नव्हतं. ज्यानं केली तो पाण्यात उतरणारा नव्हता, एवढं नक्की.

मागच्या हंगामात पाऊस कमी झाला आणि तळं निम्म्यावर आलं. पाणी दाट झालं, चहासारखं, आणि वास असा की रस्त्यानं जाणारी गाढवं चाल वाढवत. त्या पाण्यात थोरलीचा पाय चढलाच, पण धाकट्या जावेचाही चढला, वर्षात दुसऱ्यांदा. दोघी एकाच खोलीत दोन भिंतींना पाय टेकवून पडल्या. मधोमध सासू बसली. सासूला सगळं गाव म्हातारी म्हणायचं आणि घर आत्याबाई म्हणायचं. ती दोघींच्या कपाळावर एकाच वेळी ओल्या पट्ट्या ठेवायची. एक आधी ठेवली, दुसरी मग, असं तिच्याकडून व्हायचं नाही.

दोघी बऱ्या होऊन तीन महिने झाले तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिघींनाही बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होता. चष्मा सारखा घसरायचा आणि तो बोटानं वर ढकलायचा. त्यानं आधी थोरलीच्या पोटरीत अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तिथंच राहिला. बराच वेळ चौघंही त्या खळग्याकडे बघत बसले.

"हे अजून दोन-तीन वेळा झालं," डॉक्टर म्हणाला, "तर हा पाय उतरायचाच नाही. मग तळं सोडा, चाकापाशी उभं राहणंसुद्धा अवघड."

थोरलीला कुंभाराची बायको आठवली. तीही अशाच सुजलेल्या पायानं बसली होती. गेली सहा वर्षं ती उंबऱ्यात पालथ्या मडक्यावर पाय ठेवून असायची. लोक तिला येताजाता विचारायचे, आमची शेळी इकडून गेली का, पोस्टमन येऊन गेला का. दुसरं काही तिला कुणी विचारायचं नाही.

"मग औषध द्या," म्हातारी म्हणाली.

"तेच सांगतोय. पाय चढल्यावर औषध देतो ते वेगळं. चढूच नये म्हणून रोज थोडं थोडं अँटिबायोटिक दिलं तर उपयोग होतो का, याची चाचणी चालू आहे. वर्षभर सकाळ-संध्याकाळ एक गोळी. दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. एकीत औषध आहे, दुसरीत नाही."

"नाही म्हणजे?"

"दिसायला तशीच. आत काही नाही."

"खडू?"

"तसंच समजा."

"मग खडू कशाला चारता माणसांना?"

"फरक कळायला, आजी. सगळ्यांनाच औषध दिलं आणि पाय चढले नाहीत, तर ते औषधानं की आपोआप, कसं कळणार?"

म्हातारीनं यावर विचार केला. तिला ते पटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि त्याचाच तिला राग आला. "बरं. मग यांच्यात खरी कुणाला देणार?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही डॉक्टरच ना?"

"हो."

"मग कुणाला तरी विचारून या. आम्ही बसतो."

"इथं कुणालाच माहीत नाही. बाटल्यांवर नुसते नंबर आहेत. आम्हाला माहीत नसणं हेच इथलं काम आहे."

"मग आमच्या धाकट्याला ठेवून घ्या इथं," म्हातारी म्हणाली. "तो हे काम लहानपणापासून करतोय."

नाव नोंदवायचं की नाही ते तुमच्यावर, मधेच सोडलं तरी चालेल, आणि पाय चढलाच तर पूर्ण औषध मिळणारच, असं डॉक्टरनं तीनदा सांगितलं. दोघींनी सह्या केल्या. थोरलीला दोनशे अकरा नंबरची बाटली मिळाली, धाकटीला दोनशे बारा. घरी येताना थोरलीनं आपली बाटली घट्ट धरून ठेवली होती. खरी माझी असू दे, असं ती वाटभर मनात म्हणत होती. शेजारी धाकटी चालत होती आणि तिच्या ओठांची हालचालही तशीच काहीतरी दिसत होती.

घरी म्हातारीनं दोन्ही बाटल्या मागून घेतल्या आणि पुढ्यात ठेवल्या. दिवस मावळेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत होती.

या घरात एक रीत होती आणि ती दोरातून आली होती. चांगला वाख एका पेडात आणि हलका दुसऱ्यात गेला तर ओढ सगळी एकाच पेडावर येते. तो तुटतो, मग उरलेले तुटतात, आणि टोकाला बांधलेली होडी जिकडे जायचं तिकडे जाते. म्हणून सूत काढायच्या आधी सगळा वाख एकत्र करून पिंजायचा, चांगला-वाईट ओळखू येऊ नये इतका. हे काम म्हातारीचं. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता, आणि तिच्या हातच्या वाखाचा दोर कुठं तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. वाखाला लावलेला नियम तिनं सुनांनाही लावला होता. थोरलीला हिरवं कापड आणलं तर धाकटीलाही हिरवंच. धाकटीला हिरवा रंग मुळीच शोभत नव्हता. तिच्याकडे सात हिरवी कापडं होती.

म्हातारी उठली, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या आणि झाकण लावून डबा हलवला. आवाज बराच मोठा झाला. बाहेर थोरला चाक पुसत होता, तो आत आला.

"काय चाललंय?"

"मिसळण."

"आई, त्यावर नंबर आहेत. त्यांनी बजावून सांगितलं होतं ना, आपापली घ्या म्हणून?"

"नंबर बाटलीवर आहेत. गोळीवर कुठं आहेत? दाखव मला एक गोळी नंबरची." तिनं डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला. थोरल्यानं वाकून खरोखरच बघितलं. तो दिवसभर पाठमोरा चालणारा माणूस होता. समोर आलेल्या गोष्टीशी कसं वागायचं याची त्याला सवय नव्हती.

"एका सुनेला औषध आणि एकीला खडू, असं माझ्या घरात होणार नाही," म्हातारी म्हणाली. "दोघी अर्धं अर्धं खातील. चढला तर दोघींचा, नाही तर कुणाचाच नाही."

थोरली दारात उभी होती. हे चुकतंय, हे तिला कळत होतं. पण सगळा खडू आपल्या वाट्याला येण्यापेक्षा अर्धं औषध बरं, हेही तिला कळत होतं, आणि ते जास्त लवकर कळलं होतं. तिनं धाकटीकडे बघितलं. धाकटी लगेच भांड्यांकडे वळली.

दर महिन्याला गोळ्यांची बाई यायची. ती नर्स होती, पण घरात तिला हेच नाव पडलं. स्कूटरवरून यायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, नव्या बाटल्या द्यायची, आणि टेप लावून दोघींच्या पोटऱ्या मोजायची. पहिल्या खेपेला तिनं ओसरीवरच थोरलीला कपडा गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितला, तेव्हा होडीवाल्यांचा माणूस दोर बघायला म्हणून आलेला होता. तो दोर सोडून पाय बघत राहिला आणि म्हणाला, "बापरे." दुसऱ्या खेपेपासून बाई एक चादर घेऊन यायला लागली. ती चादर दोन खुंट्यांना बांधून मगच टेप काढायची. थोरलीच्या पायासाठी आजवर कुणी पडदा लावला नव्हता.

बाई यायच्या आदल्या दिवशी म्हातारी डबा घेऊन बसायची आणि उरलेल्या गोळ्या दोन्ही बाटल्यांत निम्म्या निम्म्या भरायची. मोजणी दर वेळी चोख निघायची. एकही गोळी चुकलेली नाही, एकही जास्त नाही.

आणि पाय चढत नव्हते. एक महिना गेला, तीन गेले, सहा गेले. थोरलीची टाच उकलली तेव्हा सगळं घर दोन दिवस तिच्याकडे चोरून बघत होतं. काही झालं नाही. टेपवर आकडा दीड बोट खाली आला. थोरली आता चाकापाशी एका दमात दोन दोर होईतो उभी राहायची. एकदा तर कारण नसताना तळ्यापर्यंत चालत जाऊन आली.

"मिसळण," म्हातारी प्रत्येकाला सांगायची. "औषधात काही नसतं. गुण मिसळणीत असतो."

सातव्या महिन्यात गोळ्यांची बाई एकटी आली नाही. तिच्याबरोबर दुसऱ्या गावच्या तीन बायका होत्या. दोघी मायलेकी, भातलावणीला जाणाऱ्या. एक कातडी धुणारी. तिघींच्या हातात नंबरच्या बाटल्या.

"यांच्या गोळ्या कधी मोजून बरोबर निघत नाहीत," बाई कौतुकानं म्हणाली. "एकीच्या जास्त, एकीच्या कमी. म्हटलं, माझं सगळ्यात शिस्तीचं घर दाखवते. बैठकीत मी तुमच्याच घराचं उदाहरण देते. बघून घ्या गं, हे लोक कसं करतात."

थोरला आणि धाकटा एकदम उठले आणि एकाच दोराचं एकच टोक तपासायला गेले.

म्हातारी मात्र फुलली. तिनं मायलेकींना हाताला धरलं. "या आत. दोघी एकाच घरात खाता ना? मग सोपं आहे. तुम्हाला एक डबा लागेल." कातडी धुणारी म्हणाली, "मी पण येऊ का? शेजारणीकडे पण बाटली आहे माझ्या." "ये की!" म्हातारी म्हणाली.

बाई ओसरीवर चादर बांधत होती. थोरली तिच्यापुढं पाय पसरून बसली होती. आतून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

"बाई," थोरलीनं विचारलं, "या चाचणीत किती बायका आहेत?"

"बायका-पुरुष मिळून तीनशे."

"आणि त्यातल्या काहींनी नीट घेतलं नाही तर?"

"तर उत्तर चुकायचं. औषधाचा उपयोग असेल तर नाही म्हणून निघेल, आणि मग कुणालाच मिळणार नाही. आणि उलटं निघालं तर हजारो माणसं जन्मभर फुकटच्या गोळ्या गिळत बसतील. अँटिबायोटिक असं उगाच खात राहिलं की खऱ्या गरजेला ते लागू पडत नाही." बाईनं टेप पोटरीभोवती घेतला. "वा! पुन्हा कमी. तुमचा पाय म्हणजे माझा आवडता पाय आहे."

आत म्हातारी सांगत होती, "झाकण घट्ट लावायचं आणि हलवायचं. दोन्ही हातांनी."

थोरलीच्या मनात आलं, एक खोकला काढला तरी म्हातारी गप्प होईल. तिला खाणाखुणा कळतात. तिघी निघून जातील, डबा राहील, आणि पुढच्या महिन्यात ताग पाण्यात पडेल तेव्हा निदान अर्धं औषध पोटात असेल. सात महिन्यांत ती विसरली होती की चालताना पायाचा विचार करावा लागतो. ती खोकली नाही.

"बाई, आत जा," ती म्हणाली. "डबा बघा."

"कसला डबा?"

"जा तर. त्या तिघींच्या गोळ्या आत पडायच्या आधी जा."

आतून आधी बाईचा आवाज आला नाही, मग आला, मग फक्त तिचाच येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डबा होता, आणि रडू येऊ नये म्हणून ती डब्यावरची बिस्किटांची जाहिरात वाचत होती.

"माझं शिस्तीचं घर," ती म्हणाली. चादर तशीच सोडून ती स्कूटरवर बसली. तिघी बायका मागून पळाल्या, आपापली बाटली पोटाशी धरून.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. "ताई, तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं."

म्हातारीनं त्या दिवशी जेवताना दोघींना भाकरी वाढली नाही. एकीलाच धरून राग काढणं तिला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आला. ओसरीवर बसला, चष्मा वर ढकलला, आणि सगळ्यांना वाटलं तेवढा ओरडला नाही. एकदाच आवाज चढला. "एकीला ते औषध सोसलं नसतं तर? अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. कुणी कुठली गोळी खाल्ली हे कुणाला सांगता आलं असतं?"

म्हातारीनं मान खाली घातली. असं तिनं शेवटचं कधी केलं होतं ते तिच्या मुलांना माहीत नव्हतं. मग तीच मान वर करून तिनं विचारलं, "पण दुजाभाव करायचा?"

"आजी, कदाचित दोघींच्याही बाटल्यांत औषधच असेल. किंवा दोन्हींत नसेल."

म्हातारी थबकली. हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "म्हणजे सात महिने मी उगाच डबा हलवला?"

"असू शकेल."

"हात दुखायचे माझे," ती हळू आवाजात म्हणाली.

"आता आम्हाला काढणार ना?" थोरलीनं विचारलं. हे विचारायला तिनं रात्रभर शब्द जुळवले होते; विचारून झाल्यावर ते एवढेच निघाले.

"काढत नाही. जे झालं ते आहे तसं लिहायचं आणि माणूस आपल्या नंबरावरच राहतो. एका गावात एका म्हाताऱ्यानं सहा महिने गोळ्या म्हशीला घातल्या, तिचा पाय सुजतो म्हणून. तोही आमच्या तीनशेंत आहे. म्हाताऱ्याचं सांगतोय, म्हशीचं नाही." कुणी हसलं नाही, मग धाकटा हसला, मग सगळ्यांनाच थोडं हसावं लागलं. "तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. चालू ठेवायचं असेल तर नव्या बाटल्या देतो. पण जिची तिनं. काहीही झालं तरी."

"आणि यातली खरी कुठली ते तुम्हाला अजून कळलं नाही?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"ज्याला माहीत आहे त्याला सांगा की घरी ये म्हणून. दोघींना एकदा बघ, मग ठरव."

"त्याच्याकडे नुसती यादी आहे, आजी. त्याला नंबर माहीत आहेत, माणसं माहीत नाहीत. मला माणसं माहीत आहेत, यादी माहीत नाही. दोन्ही एकाला माहीत असतं तर तो तुमच्यासारखंच काहीतरी करून बसला असता."

म्हातारीनं डॉक्टरनं परत आणलेला रिकामा डबा धुऊन उन्हात पालथा घातला.

थोरलीनं आधी हात पुढं केला, मग धाकटीनं. दोनशे अकरा, दोनशे बारा. एक बाटली पूर्वेच्या कोनाड्यात गेली, एक पश्चिमेच्या. निघताना डॉक्टरनं सांगितलं, पाण्यातून आल्यावर पाय साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, भेगांना तेल लावा, आणि जमलं तर लांब रबरी बूट घाला. धाकट्यानं कुठून तरी दोन जोड आणले. कमरेएवढ्या पाण्यात बूट पहिल्या पावलालाच भरले. दोघी तळ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांना हलता येईना. दोर बांधून ओढून काढावं लागलं. दोर उत्तम होता.

ताग पडला. या वर्षी पाणी मागच्या वर्षीपेक्षाही कमी. सोळाव्या दिवशी सोलायला सुरुवात झाली. थांबता येत नव्हतं. चार दिवस उशीर झाला की वाखाचा चिखल होतो. दोघी उजाडताच उतरायच्या. काडीचं बूड मोडायचं, साल बोटात धरून एका ओढीत काढायची, पाण्यावर आपटायची, पुढची काडी. नखांखाली काळं, कोपरापर्यंत हिरवा चिकटा. काठावर म्हातारी साबण, कोरडी फडकी आणि तेलाची वाटी घेऊन बसायची, आणि बाहेर आल्या आल्या दोघींचे पाय मांडीवर घेऊन पुसायची. डावा थोरलीचा, मग डावा धाकटीचा, उजवा थोरलीचा, मग उजवा धाकटीचा.

थोरली रोज वाट बघत होती. सतरावा दिवस. अठरावा. रात्री झोपताना जांघेत बोटं दाबून गाठ शोधायची. विसाव्या दिवशी दुपारी तिच्या हातातली काडी पाण्यात पडली, कारण तिला दातांचा आवाज ऐकू आला होता. तिचे दात घट्ट मिटलेले होते.

तिनं मागं वळून बघितलं. धाकटी काडी सोलतच होती. ऊन डोक्यावर होतं आणि तिचे खांदे थडथडत होते.

"अगं, बाहेर हो."

"एवढी पेंढी संपवते, ताई."

"बाहेर हो म्हणते ना!"

"काही नाही. पाणी गार आहे."

पाणी अंघोळीइतकं गरम होतं. थोरलीनं तिला काखेत हात घालून ओढत काठाशी आणलं. म्हातारीनं धाकटीचा पाय मांडीवर घेतला, पुसायला फडकं उचललं आणि तसंच हातात धरून बसली. घोट्यावर लाली उगवली होती.

पुरुषांनी तिला हातगाडीवर घालून नेलं. दवाखान्यात सुई दिली, पूर्ण औषध सुरू केलं, आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी पाठवलं. त्या तीन दिवसांत थोरला आणि धाकटा पाण्यात उतरून ताग सोलत होते, वाईट सोलत होते, आणि कुणी त्यांना तसं म्हणत नव्हतं. थोरली त्यांच्याबरोबर उजाडल्यापासून उभी असायची. तिच्या पायाला काही झालं नाही. आतापर्यंत त्या पायाची तिला लाज वाटली होती, भीती वाटली होती. आता तो धडधाकट होता आणि तिला तो कुठं लपवावा ते कळत नव्हतं.

धाकटी घरी आली त्याच संध्याकाळी गोळ्यांची बाई आली. चादर बांधली, कागद काढला. ती खाटेवर पडली होती; ताप अजून पुरता उतरला नव्हता. बाईनं पश्चिमेच्या कोनाड्यातली बाटली मोजली. एकही गोळी चुकलेली नव्हती.

"म्हणजे माझा खडू," धाकटी म्हणाली.

"तसं म्हणता येत नाही. खऱ्या गोळ्या घेऊनही काहींचा चढतो."

"बरं. लिहा मग."

"लिहिते. लाली कुठपर्यंत आली होती, आता कुठपर्यंत आहे, दोन्ही." बाईनं पेनानं पोटरीवर कडेकडेनं रेघ ओढायला सुरुवात केली. थोरलीनं तो तापलेला पाय आपल्या मांडीवर घेतला होता, म्हणजे बाईला नीट दिसावं. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा थोरली म्हणाली, "तिथं नाही. दोन बोटं वर."

"तिथं लाल दिसत नाहीये."

"दिसत नाही, पण आहे. हात लावा. कातडी ताणलेली आहे बघा तिथं. मला माहीत आहे ती कुठवर येते."

बाईनं हात लावून बघितला. मग ओलं फडकं घेऊन आधीची रेघ पुसली आणि दोन बोटं वर नवी ओढली.

ती गेल्यावर म्हातारी आत आली. दोघी सुनांच्या मधे बसायची तिची जागा होती. आज ती धाकटीच्या उशाशीच बसली आणि तिथून हलली नाही. थोरली पाय धरून होती तशीच होती. बाहेर थोरला चाक झाकत होता.

"ताई," धाकटी म्हणाली, "दिवस मावळला. गोळी घेतलीत?"

"घेते नंतर."

"नंतर कधी?"

"तू झोप. घेते म्हटलं ना."

"दुपारी जेवतानाही घेते म्हणालात आणि आत्याबाईंनी सांगितलं, सकाळची घेतलीच नव्हती." ती कोपरावर उठायला लागली. "माझं मी मोजून खाल्लंय. माझा पाय त्या कागदावर गेलाय. आता तुम्ही उपास करून बसलात तर तो कशाशी ताडून बघायचा त्यांनी? आणा ती बाटली इकडे."

"अगं, पड खाली."

"आत्याबाई, तुम्ही आणा."

म्हातारीनं थोरलीकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, पूर्वेच्या कोनाड्यातली दोनशे अकरा नंबरची बाटली आणली आणि थोरलीच्या हातावर एक गोळी ठेवली. एकच. धाकटीनं खाटेखालचा आपला तांब्या पुढं केला. थोरलीनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, मान खाली घातली.

"आ करा," धाकटी म्हणाली.

"काय?"

"आ करा, आ. जीभ उचला."

घरातल्या थोरल्या सुनेनं आ केला. धाकटीनं तिच्या हनुवटीला धरून तोंड कंदिलाकडे वळवलं, तापानं लाल झालेल्या डोळ्यांनी जिभेखाली, दोन्ही गालांत नीट बघून घेतलं, आणि मगच उशीवर डोकं टेकलं.